सहा दिवसांची आई

मार्गशीर्ष लागला की अमरावतीत दोन गोष्टी बरोबरच येतात. फुलांच्या बाजारात शेवंतीचे ढीग लागतात आणि कॉलेजच्या भिंतीवर माहितीपटांच्या महोत्सवाचे कागद चिकटतात. शेवंती माझ्या जन्माआधीपासूनची. महोत्सव अलीकडचा. माझ्या भाच्याची मुलगी तो भरवणाऱ्या मंडळात आहे. नव्या नव्या फिल्मा कुठून कुठून येतात. कुणी धरणावर केलेली असते, कुणी विणकरांवर, कुणी आपल्याच आजोबांवर. ही पोरं खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं हौसेनं करतात. दर वर्षी ती मला रिक्षातून नेते आणि पंख्याखाली नको म्हणून कडेच्या खुर्चीवर बसवते.

यंदा एक फिल्म मेळघाटातल्या सेमाडोहकडच्या एका बाईवर होती. बाई चूल फुंकते, पाणी आणते, अंगणात लेकराला न्हाऊ घालते. फिल्म संपली, दिवे लागले. ती करणारा मुलगा पुढे येऊन म्हणाला, यात काही रचलेलं नाही, घडलं तसं टिपलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. पण न्हाऊ घालताना त्या बाईनं एकदा मान वर करून कॅमेऱ्याच्या मागे कुणाकडे तरी पाहिलं होतं. तिथे कोण बसलं होतं, हे मला त्या मुलाला विचारायचं होतं. म्हाताऱ्या बाईनं काय विचारायचं, म्हणून गप्प बसले. घरी येताना रिक्षात भाच्याची मुलगी खूप बोलत होती. मी ऐकत होते आणि नव्हतेही.

पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता. कचेरीच्या कागदावर सीपी अँड बेरार छापलेलं असायचं. लढाईचे दिवस होते. आमचा मळा बडनेऱ्याच्या रस्त्याला होता, तीन एकरांचा. अर्ध्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि अर्ध्यात फुलं. मी चोवीस वर्षांची होते आणि वर्षभरापासून माहेरी राहत होते.

माझं सासर अकोल्याला. यजमान जिनात फिटर होते, कापसातून सरकी काढणारी यंत्रं दुरुस्त करणारे. सात वर्षं संसार केला. मूल झालं नाही. आदल्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांनी बाळापूरकडची दुसरी बायको केली. मला कुणी हाकललं नाही. "तूबी राह्य ना," ते म्हणाले, "घर काय लहान हाय?" पण जिनाच्या चाळीत दोनच खोल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी मी न्हाणीतून बाहेर आले तर ती नवी पोर माझ्या पाटावर बसून माझ्याच फणीनं केस विंचरत होती. वाईट नव्हती बिचारी. मला पाहून दचकली आणि फणी पुढे केली. मी म्हटलं, "राहू दे." त्याच दुपारच्या गाडीनं मी बडनेऱ्याला उतरले. बाबांनी काही विचारलं नाही. वहिनीनं पाय धुवायला पाणी दिलं आणि आतल्या खोलीतलं धान्याचं पोतं सरकवून माझ्या अंथरुणाची जागा केली.

माहेरी परत आलेल्या बाईला काम भरपूर असतं आणि जागा कुठेच नसते. पहाटे दवानं ओली शेवंती तोडायची. बोटं पिवळी होत, ती संध्याकाळपर्यंत पिवळीच राहत. दूरवर एखाद्या जिनाचा भोंगा व्हायचा. तसल्याच भोंग्यावर मी सात वर्षं डबा भरला होता. इथे तो ऐकू आला की हात थांबायचे, मग आठवायचं की डबा भरायला आता दुसरी आहे. पुन्हा फुलं तोडायची. त्या वर्षभरात मला नावानं हाक मारणारे फक्त बाबा होते. वहिनी मला 'बाई' म्हणायची, दादा हाकच मारायचा नाही, नुसतं बोलायला लागायचा.

वहिनी माझ्याहून चार वर्षांनी लहान. आषाढात तिला मुलगा झाला, मधू. बाळंत झाल्यापासून तिला हिवतापानं धरलं. श्रावण गेला, भादवा गेला, ताप एक दिवसाआड येतच राहिला. गालांची हाडं वर आली. मधू मात्र असा गुटगुटीत, की आईचं सगळं यानंच ओढून घेतलं असं आल्यागेल्या बाया म्हणत. वहिनी ऐकून घ्यायची.

मार्गशीर्षात एका सकाळी प्रसूतिगृहाच्या नर्सबाई मळ्यात आल्या. त्यांच्या मागे एक मोटार. मोटारीतून तीन माणसं आणि पेट्या उतरल्या. मुंबईचे लोक. बाळाची निगा कशी ठेवावी, यावर सरकारसाठी छोटी फिल्म करायची होती. थेटरात मुख्य खेळाच्या आधी अशी दहा-बारा मिनिटांची फिल्म दाखवायचे तेव्हा. नर्सबाईंना आमच्या मधूचं वजन पाठ होतं, म्हणून त्या त्यांना थेट इथेच घेऊन आल्या.

त्यांच्यातला जो साहेब होता, तो अर्धी चड्डी घालून हिंदी बोलायचा. त्यानं मधूला उचलून घेतलं, हसवलं, उन्हात धरून पाहिलं. मग वहिनीकडे पाहिलं. नर्सबाईंना बाजूला नेऊन तो बोलला, पण मळ्यात कुठे भिंती असतात! सगळ्यांना ऐकू गेलं.

"बच्चा बढ़िया है. लेकिन माँ बीमार लगती है. लोग क्या कहेंगे?"

मी वांग्यांच्या ओळीत उभी होते. त्याची नजर फिरत माझ्यावर आली.

"ये कौन है?"

नर्सबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "लोकांना निरोगी आई दाखवायची आहे. म्हणून साहेब म्हणतात की..." पुढचं त्यांना बोलवेना.

दादा म्हणाला, "आत्याच हाय ना थे. परकी थोळीच हाय."

बाबांनी वहिनीकडे पाहिलं. "तू सांग पोरी."

"मले काय सांगाचं," वहिनी म्हणाली. "बाईनं घ्यावं." आणि ती आत गेली. दोन मिनिटांनी मधूचं धुतलेलं झबलं घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात दिलं.

मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं का? आज पन्नास वर्षांनीही मला खात्री नाही.

सहा दिवस ते लोक येत होते. तीन पायांच्या घोडीवर काळं यंत्र, त्याला किल्ली द्यायची. दोन लाकडी फळ्यांवर चंदेरी कागद चिकटवलेला, त्यांनी ऊन पकडून आमच्या तोंडावर टाकायचे. डोळ्यांना पाणी यायचं. साहेब म्हणायचा, "हमारी तरफ़ नहीं, बच्चे की तरफ़ देखो." नर्सबाईंनी मला स्वतःचं पांढरं लुगडं नेसवलं, कुंकू ठसठशीत लावलं. साहेबानं दुरून पाहिलं आणि गळ्याकडे बोट केलं. "मंगलसूत्र बाहर." मी ते पदराआडून पुढे ओढलं. वर्षभर ते मी आतच ठेवत होते.

न्हाऊ घालायचं. कोपर बुडवून पाणी पाहायचं. कोरड्या पंचानं टिपायचं, डोळ्यांत बोटानं काजळ घालायचं नाही, हे नर्सबाई शेजारून सांगत. एकेक गोष्ट चार चार वेळा. मधू कधी रडायचा, कधी पाण्यावर थापट्या मारायचा. मी त्याला दिवसभर घेऊन असायचे. त्याच्या टाळूचा वास माझ्या लुगड्याला लागला होता. झोपताना मी पदर नाकाशी धरायचे.

पहिल्या दिवशी साहेब ओरडला होता, "बच्चे की माँ को बुलाओ!" आणि वहिनी व मी, दोघी उठलो होतो. तो हसला. "अरे, फ़िल्म वाली माँ." वहिनी खाली बसली. तिसऱ्या दिवशी तशी हाक आली तेव्हा मी एकटीच उठले. वहिनी यंत्राच्या मागे आंब्याखाली बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

चौथ्या दिवशी बाळाला पाजण्याचं दाखवायचं होतं. मी यंत्राकडे पाठ करून बसले, मधूला पदराखाली घेतलं. नुसतं तसं बसायचं होतं, दुरून पाठच दिसणार होती. मधू भुकेला होता. तो शोधायला लागला. छोटं तोंड, छोटे हात, काय काय चाललं होतं त्याचं. मग त्याला कळलं आणि तो जो रडायला लागला! यंत्र घरघरतच होतं. मागून पावलं वाजली. वहिनी सरळ यंत्रासमोरून चालत आली. तिची चोळी ओली झाली होती. तिनं मधूला माझ्या पदराखालून काढून घेतलं आणि गोठ्याच्या मागे गेली.

"फ़िल्म ख़राब कर दी!" साहेब चिडला.

मी तशीच बसून राहिले, पदर सावरायचंही भान नव्हतं. नर्सबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी शेवंतीच्या वाफ्यापाशी मला यंत्राकडे खांदा करून, मधूला मांडीवर घेऊन बसवलं. ऊन कोवळं होतं. वाऱ्यानं कुठल्या तरी शेतातून कापसाचा एक पुंजका उडत आला आणि त्याच्या नाकावर बसला. मी फुंकर मारली. आणि मधू हसला. साधं नाही, दोन्ही मुठी उचलून, हिरड्या दाखवून, सगळ्या अंगानं हसला. साहेब टाळ्या पिटत नाचला. "यही चाहिए था!" पेट्या मोटारीत चढल्या. मोटार गेली, धूळ खाली बसली.

सातव्या सकाळी सवयीनं मी पाणी तापवलं, कोपर बुडवून पाहिलं. वहिनी मधूला घेऊन आली आणि म्हणाली, "राहू द्या बाई. मीच घालते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी सरकले.

त्या हसण्यावर मी एक वर्ष काढलं. खरंच सांगते. तोडणी करताना, जुड्या बांधताना, दुपारी सगळे जरा पडले की मी ते काढून पाहायचे. एक जीव एकदा माझ्याकडे पाहून तसा हसला होता. मला पुष्कळ होतं तेवढं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर फिल्म अमरावतीच्या थेटरात आली. दुपारच्या खेळाला आम्ही सगळ्याच गेलो, शेजारच्या मळ्यांतल्या बायासुद्धा. बायकांच्या बाजूला मी आणि वहिनी लागून बसलो होतो. पडदा उजळला आणि आवाज आला, "ही पाहा एक जागरूक माता, शांताबाई." माझं नावही बदललं होतं. सहा दिवस राबलो होतो, त्यातले चहा उकळेल इतकेच क्षण उरले होते. बाया ओरडत होत्या, "अवं, थे पाहा आपली विहीर! आपला धोंड्या बैल!" मग शेवंतीचा वाफा आला. पडद्यावर मी फुंकर मारली आणि मधू हसला. सगळं थेटर त्याच्याबरोबर हसलं.

तेव्हा मला दिसलं. त्याचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे, यंत्राच्या मागे, आंब्याकडे होते.

अंधारात वहिनी माझ्या कानाशी लागली. तिचा आवाज आनंदानं फुटत होता. "बाई, मले पाहून हासला थो. मी तिकळून मेथीची जुळी हालवली होती त्याले."

"हो," मी म्हटलं.

तिला बिचारीला काय ठाऊक, मी त्या हसण्याचं काय करत होते. तिचं होतं, तिनं घेतलं. मुख्य खेळ सुरू झाला. तो कशावर होता, मला आठवत नाही.

पुढच्या महिन्यात ती फिल्म अकोल्याला लागली असावी. कारण मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी ओट्यावर फुलं निवडत बसले असता मळ्याच्या वाटेनं एक माणूस येताना दिसला. चालण्यावरून ओळखलं. डावा खांदा जरा उतरता, हत्यारांच्या पेटीनं झालेला. दोन वर्षांनी पाहत होते. बाबा आणि दादा बाजारात गेले होते, वहिनी विहिरीवर.

ते ओट्याशी थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"बस नाही म्हणत का?"

मी फुलं सरकवली. ते कडेला बसले. पाणी दिलं, ते प्यायले. मग एकदम म्हणाले, "तो सिनेमा कवा काढला?"

मला प्रश्न कळला नाही. "कोन्ता?"

"तू लेकराले आंगोय घालून राहिली, थो."

"गेल्या साली. याच महिन्यात."

त्यांनी मान खाली घातली. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरायला लागला. ते महिने मोजत होते. मी अकोला सोडलं ती दिवाळी, तिथून पुढे. फिल्ममधलं पाच महिन्यांचं लेकरू. अंगठा थांबला आणि त्यांनी वर पाहिलं, आणि तेव्हा मला सगळा हिशेब कळला. तो जुळत होता.

लग्न झालं त्या वर्षी एकदा जिनात त्यांचा हात सापडता सापडता वाचला होता. घरी येऊन त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं होतं, तसं ते आता पाहत होते.

"मंग तुवा सांगतलं काहून नाही? मी पाच डाव पाह्यला थो सिनेमा. येईल त्याले दाखोला. हे पाय..." खिशातून त्यांनी एक टोपडं काढलं. निळ्या साटिनचं, कडेला जर लावलेली. मुठीत मावेल एवढं.

मी बोलायला हवं होतं. एक शब्द पुरे होता. पण मी ओंजळीतली फुलं बघत बसले. एक-दोन श्वास नाही, चांगला वेळ. मोटेचं पाणी पाटात पडत होतं, बैल उताराला वळत होते. त्या वेळात माझं लेकरू होतं, त्याचा बाप त्याला भेटायला आला होता, आणि मी त्याची वाट पाहत ओट्यावर बसलेली बायको होते. खोटं मी बोलले नाही. पण ते होऊ दिलं.

विहिरीकडून मधू आला. दीड वर्षाचा, उघडाच, डुलत डुलत. ओट्याला दोन्ही हात लावून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आत्त्या."

दोनच-तीन शब्द यायचे त्याला तेव्हा. त्यातला हा एक.

यजमानांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"भावाचा हाय," मी म्हटलं. "वयनी आजारी होती म्हून त्यायनं मले बसोलं."

ते टोपडं हातात फिरवत राहिले. मग त्यांनी मधूला जवळ ओढलं आणि ते त्याच्या डोक्यावर ठेवून पाहिलं. बसेना. फिल्ममधल्या डोक्याच्या मापाचं होतं ते. मधूनं ते ओढून काढलं आणि तोंडात घातलं.

"तिलेबी काई नाही," ते म्हणाले. "दोन साल झाले." हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, मोटेकडे पाहत होते. मला समजलं. त्यांनाही समजलेलं होतं. सात वर्षं मी उपास केले, दर्ग्याला जाऊन आले, रिद्धपूरला डोकं टेकलं. आता ते सगळं त्या पोरीच्या वाट्याला आलं होतं. दोष कुणाचा हे आम्ही दोघांनी त्या ओट्यावर एकाच वेळी ऐकलं आणि दोघांनीही तोंडातून काढलं नाही.

उठताना ते म्हणाले, "मी बोलून राहिलो होतो, तवा तू चूप काहून बसली?"

"तुमी माह्याकळे पाहून राहिले होते म्हून," मी म्हटलं.

ते उभेच राहिले. "चाल मंग. येतं का?"

मी त्या दोन खोल्या आठवल्या. फणी पुढे करणारी ती पोर आठवली. "नाही," म्हटलं. "तिले बोल लावू नका. तिचा काई दोष नाही." एवढंच मला त्यांच्याकडून हवं होतं, आणि तेवढं मागता आलं, याचं आजही बरं वाटतं.

ते गेले. वळणापर्यंत मी पाहिलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. वहिनी विहिरीवरून आली, तिनं दोन पेले पाहिले आणि विचारलं, "कोन आलं होतं?" मी म्हटलं, "अकोल्याचे." तिनं ओल्या हातानं माझा हात धरला. पहिल्यांदाच.

पुढे नर्सबाईंच्या नादानं मी पुन्हा शाळेत बसले, शिक्षिकेची परीक्षा दिली, प्राथमिक शाळेत लागले. वर्गात चाळीस पोरं असायची आणि शाळा सुटली की एकही नसायचं. त्या रिकाम्या वर्गाची मला हळूहळू सवय झाली. माणसाला होते.

सात-आठ वर्षांनी एकदा बडनेऱ्याच्या स्टेशनावर जिनाच्या चाळीतल्या यमुनाबाई भेटल्या. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली होती. गाडीला वेळ होता. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, वाळली म्हणाल्या, मास्तरीण झाली म्हणून कौतुक केलं. मग म्हणाल्या, "अन् पोरगा कसा हाय वं? तिसरीत पैला आला म्हणे!"

"कोन्ता पोरगा?"

"घ्या! पोरगा म्हणजे तुहाच. आमी साऱ्यायनं पाह्यला ना सिनेमात, काय गोळ हासते! फिटरभाऊ साऱ्या जिनले सांगत राह्यते त्याचं. गोवर निंगाला थे सांगतलं, दात पळले थे सांगतलं. मामाच्या मळ्यात हवा चांगली म्हून तिकळेच ठेवला म्हणे. यंदा पैला आला त्याचे पेढेबी वाटले."

मी रुळांकडे पाहिलं. त्या ओट्यावरून ते रिकामे गेले, असंच मी इतकी वर्षं समजत होते. तिकडे अकोल्यात, यंत्रांच्या खडखडाटात, ते त्या लेकराला एकटेच वाढवत होते. दातांपर्यंत, तिसरीपर्यंत आणलं होतं.

आमचा मधू त्या वर्षी गणितात नापास झाला होता.

"सांग ना वं," यमुनाबाई म्हणाल्या, "खरंच पैला आला?"

"हो," मी म्हटलं. "पैला आला."